आयल्ट्स दिल्यानंतर स्वतःची उत्तरं कशी तपासायची: टप्प्याटप्प्याने

आयल्ट्स, म्हणजे परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थलांतरासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा, दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा देणाऱ्यांचे निकाल शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट हमखास दिसते. लिसनिंग अर्ध्या बँडने (बँड म्हणजे ० ते ९ मधले गुण) वर गेलेलं असतं, रीडिंग तेवढंच खाली आलेलं असतं आणि रायटिंग जिथल्या तिथे, सहावर अडकलेलं असतं. मधल्या काळात मॉक टेस्टचा, म्हणजे सराव परीक्षांचा, रतीब लावलेला असतो. बडोद्यात अलकापुरी, फतेहगंज, कारेलीबाग, कुठल्याही क्लासला जा, दर आठवड्याला मॉक होते, बोर्डावर गुण लागतात आणि मुलं ‘चाळीसपैकी सव्वीस’ एवढं लक्षात ठेवून घरी जातात. चुकलेली चौदा उत्तरं का चुकली, हे कोणी बघत नाही. पुढच्या मॉकमध्ये तीच चौदा नाव बदलून परत येतात.

हा लेख त्या चौदा उत्तरांसाठी आहे. खऱ्या परीक्षेनंतर काय करायचं आणि मॉकनंतर काय करायचं, हे दोन्ही इथे आहे, कारण एकाशिवाय दुसरं अपुरं पडतं. खऱ्या परीक्षेत उत्तरपत्रिका परत मिळत नाही, हाती येतात ते फक्त चार विभागांचे बँड आणि एकूण बँड. मॉकमध्ये प्रश्न, उत्तरं, वेळ सगळं आपल्या हातात असतं, पण खऱ्या परीक्षेचा ताण नसतो.

पूर्वतयारी: परीक्षेआधीच करायची

तपासणीची तयारी निकालानंतर करता येत नाही. मॉकला बसण्याआधी एवढं जवळ ठेवा:

एक लाँगबुक, शंभर पानांची पुरते. निळं, लाल आणि हिरवं अशी तीन पेनं. फोनमधला रेकॉर्डर. आयल्ट्सच्या संकेतस्थळावर मोफत मिळणारे रायटिंग आणि स्पीकिंगच्या निकषांचे तक्ते, छापून घेतलेले. फोनवर बघू म्हणणारा ते कधीच बघत नाही, म्हणून छापूनच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय. मॉक सोडवताना प्रत्येक उत्तराशेजारी खूण करायची. उत्तराची खात्री असेल तर काहीच नाही. शंका असेल तर एक टिंब. अंदाजपंचे लिहिलं असेल तर फुली. एका खुणेला अर्धा सेकंदही लागत नाही, पण हिच्याशिवाय पुढचे टप्पे लंगडे होतात. चार दिवसांनी पेपर हातात घेतल्यावर कुठलं उत्तर समजून लिहिलं होतं आणि कुठलं नशिबाने बरोबर आलं, हे कोणालाच आठवत नाही.

रीडिंगमध्ये आणखी एक करा. प्रत्येक उतारा संपला की समासात घड्याळातली वेळ लिहा. रायटिंगमध्ये टास्क १ (आलेखाचं वर्णन किंवा पत्र) कधी संपवलं आणि टास्क २ (निबंध) कधी सुरू केलं, ते लिहा.

तपासा: मॉक संपल्यावर पेपरावर टिंबं, फुल्या आणि घड्याळातल्या किमान पाच नोंदी दिसतात का? दिसत नसतील तर त्या मॉकमधून फक्त गुण मिळतील, त्यापलीकडे काही नाही.

टप्पा १: केंद्राबाहेर पडल्यावरचा पहिला तास

बाहेर पडल्या पडल्या गेटवरच घोळका जमतो आणि ‘तिसऱ्या पॅसेजचं सत्ताविसावं काय लिहिलंस?’ सुरू होतं. मग तीच चर्चा सेव उसळीच्या गाडीवर. सेव उसळ खुशाल खा, पण उत्तरं जुळवू नका. एकतर दोघांना एकच पेपर आला असेल असं नाही. दुसरं म्हणजे मित्राचं उत्तर बरोबर आहे हे कोणी ठरवलं? तिसरं, स्पीकिंग अजून बाकी असेल (ते त्याच दिवशी किंवा आठवडाभर आधी-नंतर असू शकतं), तर मनात शंका घेऊन परीक्षकासमोर बसावं लागतं.

त्याऐवजी पंधरा मिनिटं बाजूला बसा आणि आठवतंय तोवर नोंद करा. प्रश्न लिहायचे नाहीत, आपण काय केलं ते लिहायचं:

लिसनिंगमध्ये कितव्या भागात धागा सुटला आणि तो परत पकडायला किती प्रश्न गेले. रीडिंगमध्ये शेवटच्या उताऱ्याला किती मिनिटं उरली, किती जागा कोऱ्या राहिल्या, कुठल्या प्रकारच्या प्रश्नात अडकलात. रायटिंगमध्ये टास्क २ ला किती मिनिटं मिळाली, किती परिच्छेद झाले, शेवट लिहून झाला की वाक्य अर्धवट राहिलं. संगणकावर शब्दसंख्या दिसते, तीही लिहा. स्पीकिंगमध्ये दुसऱ्या भागात, म्हणजे दिलेल्या विषयावर एकट्याने बोलायचं तिथे, बोलणं स्वतःहून संपलं की परीक्षकाने थांबवलं, तिसऱ्या भागात कुठल्या प्रश्नाला सुचलंच नाही.

परीक्षकाने मध्येच थांबवलं म्हणून कित्येक जण रात्रभर जागतात. दुसऱ्या भागात दोन मिनिटं झाली की त्याला थांबवावंच लागतं आणि पूर्ण मुलाखत ११ ते १४ मिनिटांत बसवायची असते. थांबवणं हे वाईट लक्षण नाही. पंचेचाळीस सेकंदांत तुमचंच बोलणं संपलं असेल, तर मात्र ती नोंद लाल पेनाने करा.

सावधान: परीक्षेतले प्रश्न आठवून लिहून ग्रुपवर टाकणं नियमाविरुद्ध आहे. उमेदवार तशी हमी देऊनच परीक्षेला बसतो आणि यावरून निकाल अडकू शकतो. ‘आजचा पेपर’ मागणाऱ्या क्लासलाही हेच सांगा.

टप्पा २: उत्तरसूची न उघडता दुसरी फेरी

इथून पुढचं मॉकचं काम. बहुतेकांची चूक इथेच होते: मॉक संपली की पाच मिनिटांत उत्तरसूची उघडतात. एकदा बरोबर उत्तर डोळ्यांसमोर आलं की ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं वाटतं आणि खरं कारण झाकलं जातं.

दुसऱ्या दिवशी बसा. टिंबवाले, फुलीवाले आणि कोरे प्रश्न तेवढे हिरव्या पेनाने पुन्हा सोडवा. वेळेचं बंधन नाही. जुनं उत्तर खोडू नका, शेजारी नवं लिहा. मगच उत्तरसूची काढा आणि लाल पेन घ्या.

आता प्रत्येक प्रश्न पाचांपैकी एका खणात पडतो.

पहिला: खात्री होती आणि बरोबर आलं. सोडून द्या.

दुसरा: शंका किंवा अंदाज होता, तरी बरोबर आलं. गुण मिळाले, पण भरवशाचे नाहीत. असे सहा-सात असतील तर पुढच्या वेळी बँड आपोआप घसरू शकतो आणि मग ‘पेपर कठीण होता’ असं म्हटलं जातं.

तिसरा: परीक्षेत चुकलं, दुसऱ्या फेरीत बरोबर आलं. इंग्रजी येतंय. वेळ किंवा लक्ष कमी पडलं.

चौथा: दोन्ही वेळा चुकलं. शब्द, वाक्यरचना किंवा प्रश्नाचा प्रकारच कळलेला नाही.

पाचवा: खात्री होती आणि चुकलं. हा खण सगळ्यात घातक, कारण दुसऱ्या फेरीत तुम्ही इकडे फिरकलातच नाही. अशा प्रत्येक प्रश्नाला वहीत पाव पान द्या.

बँडचा हिशोब लक्षात असला की या खणांचं मोल कळतं. लिसनिंगमध्ये साधारण २३ बरोबर आले तर ६, ३० आले तर ७ आणि ३५ आले तर ८. अ‍ॅकॅडमिक (मुख्यतः विद्यापीठ प्रवेशासाठीच्या) रीडिंगलाही साधारण हेच आकडे. जनरल ट्रेनिंगच्या (मुख्यतः स्थलांतर आणि नोकरीसाठीच्या) रीडिंगला ६ साठीच ३० लागतात आणि ७ साठी ३४. पेपरप्रमाणे यात थोडा फरक पडतो. म्हणजे लिसनिंगमध्ये सहा ते सात हे अंतर सात उत्तरांचं आहे. तिसऱ्या खणातच चार-पाच निघाले, तर नवीन इंग्रजी न शिकताही बरंचसं अंतर कापता येतं.

टप्पा ३: लिसनिंगच्या चुका

चुकलेल्या उत्तराच्या आसपासचे वीस सेकंद तेवढे पुन्हा ऐका. संहिता (रेकॉर्डिंगचा छापील मजकूर) बंद ठेवून तीन वेळा. जे ऐकू आलं ते जसंच्या तसं लिहा, मग संहिता उघडा. थेट संहिता वाचली की डोळ्यांना सगळं कळतं आणि कान होते तसेच राहतात.

सापळ्याचा एक नमुना बघा. बोलणारी बाई म्हणते, ‘द वर्कशॉप वॉज ऑन ट्यूजडे, बट द हॉल इज बुक्ड, सो वुई हॅव मूव्ह्ड इट टू थर्सडे.’ मुलगा ट्यूजडे लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्याला थर्सडे शब्द येत नव्हता असं नाही. पहिला वार कानावर पडताच त्याने ऐकणं थांबवलं, हे कारण आहे. वहीत ‘लक्ष नव्हतं’ असं मोघम लिहू नका. ‘बट नंतरचं ऐकलं नाही’ असं लिहा. त्यावर उपाय करता येतो: वाक्य पूर्ण होईपर्यंत उत्तर पक्कं धरायचं नाही.

अनेकवचनाचा ‘स’ हे दुसरं जुनं दुखणं. ‘टिकेट्स सोल्ड’ असं भरभर बोललं की दोन ‘स’ एकमेकांत मिसळतात आणि ऐकू येतं ‘टिकेट’. इथे कानावर विसंबायचं नाही, गाळलेल्या जागेचं व्याकरण बघायचं. जागेच्या आधी ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ नसेल आणि नाम मोजता येणारं असेल, तर अनेकवचनाची शक्यता मोठी.

शब्दमर्यादेच्या चुका लवकर निघतात आणि लवकर सुटतात. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं असताना तीन लिहिले की उत्तर चूक, अर्थ बरोबर असला तरी. जोडरेघ असलेला शब्द एकच धरतात. स्पेलिंग चुकलं की गुण गेला, पण ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात. फोन नंबरात शून्याला ‘ओ’ आणि दोन सारख्या आकड्यांना ‘डबल’ म्हणतात, त्यामुळे आकडा चुकला असेल तर तो असाच चुकला का ते पाहा.

कागदावरच्या परीक्षेत शेवटी उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात, संगणकावर फक्त २ मिनिटं तपासायला. मॉक कागदावर आणि परीक्षा संगणकावर देणाऱ्यांनी हा फरक आधीच पचवायला हवा, नाहीतर मॉकमधला बँड फसवा ठरतो.

टप्पा ४: रीडिंगच्या चुका

इथे नियम एकच: पुरावा दाखवा. प्रत्येक चुकलेल्या उत्तरासाठी उताऱ्यातली ओळ शोधून अधोरेखित करा. वहीत डावीकडे प्रश्नातला शब्द लिहा, उजवीकडे उताऱ्यात त्यासाठी आलेला शब्द. प्रश्नात ‘चिल्ड्रन’ आणि उताऱ्यात ‘प्रायमरी प्युपिल्स’, अशा जोड्यांची यादी आपोआप तयार होते. पाठ करायला बाजारातल्या शब्दसूच्यांपेक्षा ती कितीतरी कामाची.

ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन यावर वाद घालण्यात वेळ जातो, म्हणून एक कसोटी ठेवा. फॉल्स म्हणायचं असेल तर उताऱ्यात विरुद्ध सांगणारं वाक्य बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. समजा उताऱ्यात आहे, ‘कालवा १९२४ मध्ये सुरू झाला आणि पुढे दहा वर्षांनी रुंद केला.’ विधान आलं, ‘कालवा १९२४ मध्ये रुंद केला.’ बोट ठेवता येतं, म्हणून फॉल्स. दुसरं विधान, ‘रुंदीकरणाला बांधकामापेक्षा जास्त खर्च आला.’ खर्चाचं नावही नाही, म्हणून नॉट गिव्हन. ‘रुंदीकरण स्वस्तच असणार’ हा विचार तुमच्या डोक्यातून आला, उताऱ्यातून नाही. बहुतेक चुका अशा स्वतःच्या अकलेची भर घातल्याने होतात.

मथळे जुळवण्यात चुकलात तर पाहा, परिच्छेदातला एखादा शब्द मथळ्यात दिसला म्हणून तो निवडला का. असं असेल तर कारण लिहा: ‘शब्द जुळवला, आशय नाही.’

कोऱ्या जागांबद्दल एवढंच: चुकीला गुण कापत नाहीत. कोरी जागा म्हणजे मिळू शकणारा गुण फुकट सोडून देणं.

तपासा: समासातल्या वेळा बघा. ६० मिनिटांत तीन उतारे आणि उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही. पहिल्या, सगळ्यात सोप्या उताऱ्याला पंचवीस मिनिटं गेली असतील, तर तिसऱ्यातल्या चुका इंग्रजीच्या नाहीत, पहिल्यात लावलेल्या वेळाच्या आहेत. तिसऱ्याचा सराव वाढवून त्या कमी होत नाहीत.

टप्पा ५: रायटिंग (इथे जास्त वेळ द्या)

रायटिंगला उत्तरसूची नसते, म्हणून मुलं ते तपासतच नाहीत. क्लासच्या सरांनी ‘६, ग्रामर इम्प्रूव्ह करा’ असा शेरा मारला की विषय संपला. खरं तर सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथेच.

पहिली पायरी: निबंध जसाच्या तसा टाइप करा, चुकांसकट. आपोआप स्पेलिंग सुधारणारी सोय बंद ठेवा. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्या. दोन दिवस हात लावू नका. कालच लिहिलेलं आज वाचलं तर डोळा लिहिलेलं वाचत नाही, लिहायचं होतं ते वाचतो.

दुसरी पायरी: निबंध चार वेळा वाचा, दर वेळी एकाच निकषासाठी. चारही निकषांना सारखंच वजन आहे. एकाच वाचनात सगळं बघायला गेलात तर फक्त स्पेलिंग दिसतील.

पहिलं वाचन: प्रश्नाचं उत्तर दिलं का? प्रश्नातले भाग वेगवेगळे अधोरेखित करा आणि प्रत्येक भागासमोर तुमच्या निबंधातलं वाक्य लिहा. ‘कितपत सहमत आहात’ असं विचारलं असताना दोन्ही बाजू मांडल्या आणि स्वतःचं मत कुठेच नाही, हा प्रकार सर्रास दिसतो. कारणं आणि उपाय दोन्ही विचारले असताना कारणांना दोन परिच्छेद आणि उपाय शेवटच्या दोन ओळींत, हाही. अ‍ॅकॅडमिक टास्क १ मध्ये एकूण कल सांगणारा भाग, ज्याला क्लासमध्ये ओव्हरव्ह्यू म्हणतात, तो नसेल तर बाकीचे सगळे आकडे बरोबर असूनही या निकषात वर जाता येत नाही. जनरलच्या पत्रात तिन्ही मुद्दे आले का आणि मित्राला लिहिलेल्या पत्रात ‘डिअर सर’ची भाषा शिरली का, ते बघा. शब्द टास्क १ मध्ये १५० आणि टास्क २ मध्ये २५० च्या खाली गेले तर गुण जातात, त्यामुळे मोजा.

दुसरं वाचन: मांडणी. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य सोडून बाकी सगळं कागदाने झाका. फक्त पहिली वाक्यं वाचून निबंधाचा मुद्दा कळतो का? कळत नसेल तर परिच्छेदात दोन मुद्द्यांची खिचडी झाली आहे. मग ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘इन अ‍ॅडिशन’ यांना गोल करा. दर वाक्याच्या सुरुवातीला गोल दिसला, तर जोडशब्द विचार जोडत नाहीत, नुसते चिकटवले आहेत.

तिसरं वाचन: शब्द. पाठ केलेली वाक्यं पिवळी करा. ‘इन दिस मॉडर्न एरा’, ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’, ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’. परीक्षक अशी वाक्यं रोज वाचतो आणि ती तुमच्या इंग्रजीचा पुरावा धरत नाही. पिवळा रंग काढून टाकल्यावर किती निबंध उरतो ते पाहा. सुरुवातीचा परिच्छेद अख्खा पिवळा निघाला तर दचकू नका, बहुतेकांचा निघतो.

चौथं वाचन: व्याकरण. शेरे मारायचे नाहीत, मोजायचं. एकूण वाक्यं किती आणि त्यातली पूर्ण बिनचूक किती? बँड ७ च्या निकषात बिनचूक वाक्यं वारंवार यावीत अशी अपेक्षा आहे, ८ ला बहुतेक वाक्यं बिनचूक हवीत. सोळा वाक्यांत चारच बिनचूक असतील, तर सहा का आले याचं उत्तर तुमच्यासमोर आहे.

मग चुकांची वर्गवारी करा. घरी मराठी, शाळेत गुजराती आणि पेपर इंग्रजीत, अशा बडोद्याच्या मुलांच्या यादीत आर्टिकल्स हमखास वर येतात, कारण दोन्ही भाषांत ती नाहीतच. उपाय: निबंध फक्त नामांसाठी वाचा. हे वाक्य घ्या: ‘गव्हर्न्मेंट शुड प्रोव्हाइड द गुड एज्युकेशन टू चाइल्ड ऑफ पुअर फॅमिली.’ प्रत्येक नामाला विचारा: मोजता येतं का, एक की अनेक, ठरावीक की कुठलंही? गव्हर्न्मेंटच्या आधी ‘द’ हवं. एज्युकेशन इथे सर्वसाधारण अर्थाने आहे, ‘द’ काढा. चाइल्ड एकच नाही, ‘चिल्ड्रन’. फॅमिलीही अनेक, ‘फॅमिलीज’, आणि ‘ऑफ’पेक्षा ‘फ्रॉम’ बरं. एका वाक्यात चार नामं आणि चारही ठिकाणी काम. म्हणून ‘ग्रामर इम्प्रूव्ह करा’ हा शेरा बिनकामाचा.

आर्टिकल्सच्या मागोमाग येतात: ‘डिस्कस अबाउट’ (अबाउट नको), ‘सिन्स थ्री इयर्स’ (फॉर हवं), ‘इन्फर्मेशन्स’ आणि ‘इक्विपमेंट्स’ (अनेकवचन होत नाही), ‘ही गो’ (गोज). प्रत्येकासमोर आकडा लिहा.

तिसरी पायरी: सगळ्यात कमकुवत एकच परिच्छेद पुन्हा लिहा. अख्खा निबंध नको, दमछाक होते आणि त्याच चुका परत उतरतात.

सावधान: एआयला निबंध देऊन ‘सुधारून दे’ म्हणू नका. तो सुंदर निबंध लिहून देईल, तो त्याचा असेल. फार तर ‘चुकीच्या जागा दाखव, दुरुस्ती करू नकोस’ एवढंच सांगा आणि दुरुस्ती स्वतः करा. तो सांगतो त्या बँडवर भरवसा ठेवू नका. नमुना उत्तरं वाचायची असतील तर ती तिसऱ्या पायरीनंतर.

टास्क २ चं वजन टास्क १ च्या दुप्पट आहे. तुमच्या नोंदीत टास्क १ ला तीस मिनिटं दिसत असतील, तर बाकी सगळ्याआधी ते वीसवर आणा.

टप्पा ६: स्पीकिंग

मॉक मुलाखत रेकॉर्ड केलेली हवी. दांडिया बाजारातल्या रस्त्यावरच्या घरात हॉर्न आणि फेरीवाल्यांच्या आवाजात रेकॉर्डिंग वाया जातं, म्हणून आतली खोली निवडा आणि फोन हातभर अंतरावर ठेवा.

अख्खं रेकॉर्डिंग ऐकण्यात अर्थ नाही. दुसऱ्या भागातली दोन मिनिटं आणि तिसऱ्या भागातलं एक उत्तर शब्दशः लिहून काढा, ‘अं’, ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘लाइक’, ‘ना’ सगळ्यासकट. दोन मिनिटं उतरवायला अर्धा तास लागतो. तेवढा लागू द्या.

मग थांबलेल्या जागा बघा. शब्द सापडत नव्हता म्हणून थांबलात की सांगायलाच काही नव्हतं? दोन्ही ‘फ्लुएन्सी’खाली जातात, पण पहिल्याला त्या विषयाचे शब्द लागतात आणि दुसऱ्याला मिळणाऱ्या एका मिनिटात नीट टिपणं काढायचा सराव. तिसऱ्या भागात समाजाबद्दल विचारलं असताना उत्तर ‘माय फादर’ने सुरू होऊन तिथेच संपलं का, तेही पाहा.

उच्चारासाठी लहेजा बदलायची गरज नाही, गुण समजण्याला आहेत. इथे अर्थ बदलणाऱ्या जोड्या तेवढ्या तपासा: ‘हॉल’ आणि ‘होल’, ‘स्नॅक्स’ आणि ‘स्नेक्स’, ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’, ‘झिरो’चा ‘जीरो’. रेकॉर्डिंग अनोळखी माणसाला ऐकवा. आई-बाबांना सगळंच कळतं.

टप्पा ७: कारणांचा तक्ता आणि पुढचे चौदा दिवस

चारही विभागांतली कारणं आता एका पानावर आणा. समजा लिसनिंग आणि रीडिंगमधल्या पंचवीस चुकांचा तक्ता असा निघाला: सूचना नीट न वाचणं ४, ‘बट’नंतरचं न ऐकणं ५, वेळ न उरणं ६, स्पेलिंग आणि अनेकवचन ३, शब्दच माहीत नसणं ७. सगळ्यांची धाव शब्दांकडे जाते, कारण तो अभ्यास वाटतो. पण सूचना आणि वेळ यांच्या दहा चुका दोन आठवड्यांत निम्म्यावर येऊ शकतात, सात शब्दांच्या जागी पुढच्या पेपरात वेगळेच सात शब्द येणार.

म्हणून दोनच कारणं निवडा. तीन नाहीत. चौदा दिवस त्या दोनांवर काम करा आणि मगच नवी मॉक द्या. तपासताना एकूण गुण नंतर बघा, आधी त्या दोन कारणांचे आकडे. ५ वरून २ झाले तर पद्धत चालली. ५ चे ५ राहिले तर कारण चुकीचं ओळखलं होतं, वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग परत काढा.

रोज एक मॉक देणाऱ्यांना हा टप्पा जमतच नाही. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग मिळून अडीच ते पावणेतीन तासांची परीक्षा आणि तिची नीट तपासणी पाच-सहा तासांची. आठवड्याला एक मॉक पुरे. शांत जागा हवी असेल तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय विद्यार्थ्यांना हाताशी आहेच. आणि नवरात्रीच्या नऊ रात्रींत ना मॉक ठेवा, ना परीक्षेची तारीख घ्या. गरबा खेळणारा जागा असतोच, न खेळणाऱ्यालाही झोप लागत नाही.

टप्पा ८: निकाल आल्यावर

निकालातला प्रत्येक विभाग मागच्या तीन मॉकच्या शेजारी लिहा आणि टप्पा १ ची नोंद उघडा. अर्ध्या बँडचा फरक नेहमीचा समजा. एक किंवा जास्त फरक असेल, तर नोंदीत कारण सापडतं का ते पाहा: कोऱ्या जागा, अर्धवट निबंध, लवकर संपलेलं बोलणं.

एकूण बँडचा हिशोब स्वतः करा. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६ आणि स्पीकिंग ६.५ यांची सरासरी ६.७५, ती वर जाऊन ७ होते. सरासरी ६.२५ आली तर ६.५. पण प्रत्येक विभागात किमान ६.५ मागणाऱ्या विद्यापीठासाठी वरच्या उदाहरणातलं रायटिंगचं ६ अडवणारंच, एकूण ७ असले तरी. त्यामुळे आधी हव्या असलेल्या अटी लिहा, मग निर्णय घ्या.

फेरतपासणी परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत मागावी लागते. हवा तो विभाग निवडता येतो आणि बँड वाढला तर शुल्क परत मिळतं. रायटिंग किंवा स्पीकिंग मॉकपेक्षा बरंच खाली आलं असेल आणि टप्पा १ च्या नोंदीत त्याचं काही कारण सापडत नसेल, तेव्हा ती मागण्यात अर्थ आहे. लिसनिंग-रीडिंगची उत्तरं ठरलेली असतात, तिथे आशा कमी. ‘नशीब आजमावू’ म्हणून अर्ज केला तर मधले दिवस जातात, कारण दुसरी मुदतही चालूच असते.

ती म्हणजे एकच विभाग पुन्हा देण्याची, वन स्किल रीटेक. मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत, संगणकावर आणि एका परीक्षेमागे एकदाच. तीन विभाग ठीक आणि एक अर्ध्या बँडने अडला असेल तर ही सगळ्यात सुटसुटीत वाट. पैसे भरण्याआधी मात्र विद्यापीठाला आणि व्हिसासाठी तो निकाल चालतो का, हे लेखी विचारून घ्या, कारण सगळीकडे चालत नाही. एकापेक्षा जास्त विभाग अडले असतील तर पूर्ण परीक्षा, पण टप्पा ७ मधले दोन आकडे खाली आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

रीटेकनंतर नव्या गुणांचं वेगळं निकालपत्र मिळतं आणि जुनंही वैध राहतं. दोन्हीपैकी हवं ते पाठवता येतं, म्हणून जुनं जपून ठेवा. निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात. प्रवेश पुढच्या वर्षी ढकलला असेल तर ती तारीख आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.